दाखला काढायची घाई नको

पुण्यात वर्षाच्या मधेच कॉलेज बदलायचं असेल, तर आधी कॉलेज सोडल्याचा दाखला काढून मोकळे होऊ नका. नव्या कॉलेजात जागा आहे आणि ते प्रवेश देणार आहेत, हे लेखी घ्या. मगच जुन्याकडे ना-हरकत मागा. दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असतील तर मायग्रेशनची, म्हणजे विद्यापीठ बदलायच्या प्रमाणपत्राची, भानगड नाही. विद्यापीठ बदललं की ते आलंच.

खरी गोची विषयांची. ऐच्छिक विषय जुळले नाहीत तर क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळालेले श्रेयांक, अडकतात, म्हणून दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून ताडून बघा. शक्यतो सत्र संपून निकाल लागू द्या. मधेच उठलात तर हजेरी आणि अंतर्गत गुणांचा घोळ होतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज केलाय? मग त्याचं काय होणार, तेही ऑफिसात आधीच विचारा. फी परत मिळेल हे मात्र गृहीत धरू नका.