मृगाआधी बंदूक साफ करून ठेवा: पश्चिम सातारा आणि शिराळा पट्ट्यासाठी

शिराळ्यात धूळवाफेची पेरणी उरकत आलीय, पाटण-जावळीत भाताचे तरवे टाकायची घाई आहे. या गडबडीत खुंटीवरच्या बंदुकीकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण पीक-संरक्षणाचा परवाना असलेल्यांनी मृग लागायच्या आत तिच्यासाठी अर्धा दिवस काढावाच. महाबळेश्वर-कोयनेच्या अंगाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बरणीतलं मीठही पाणी सोडतं, तिथं लोखंड काय टिकणार? माण, आटपाडी, जतकडे गंज कमी, पण धूळ फार. तेलाला चिकटून ती कळांत बसते. तिकडे तेल आणखी कमी लावावं.

आधी बंदूक रिकामी करा. बाराबोर (काडतुसांची दुनळी) मोडून, म्हणजे मधून उघडून, दोन्ही नळ्या डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून मगच कामाला बसा. एखाद्या वाड्यात आजोबांच्या वेळची लिव्हरची रायफल असते. तिच्या नळीखालच्या नळकांड्यात गोळ्या राहतात, म्हणून एकदा लिव्हर ओढून भागत नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून, चापाला बोट न लावता काहीच बाहेर पडेनासं होईपर्यंत लिव्हर चालवा, मग आत डोकावून खात्री करा. बाराबोर मागच्या बाजूने साफ करतात. लिव्हरच्या बहुतेक रायफलींत मागून गज जात नाही, तोंडाकडूनच घालावा लागतो. तो कडेला घासू देऊ नका. तोंड झिजलं की नेम गेला.

सगळ्यात जास्त नुकसान ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीचं होतं. काळी दारू जळल्यावर नळीत जो काळा थर राहतो त्यात क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. तेलाने ते विरघळत नाहीत. वर तेल, खाली ओला क्षार, आणि लोखंड आतून खात राहतं. आमच्या घरची बंदूक अशीच गेली. उन्हाळ्यात बार काढल्यावर वडिलांनी नळीत नुसतं तेल सोडून ती ठेवून दिली. खंडेनवमीला पूजेला खाली काढली तेव्हा गज निम्म्यातच अडला, आणि बाहेर आला तो लाल भुकटी घेऊन. ती नळी परत बार काढण्याजोगी झाली नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

म्हणून काळ्या दारूला पाणीच हवं. नळी दस्त्यातून सुटत असेल तर सोडवा, गरम पाण्यात थोडा साबण घालून गजाला गुंडाळलेल्या चिंधीने धुवा. पहिली चिंधी काळीकुट्ट निघते, तिला कुजक्या अंड्याचा वास येतो. चिंधी पांढरी निघेपर्यंत धूत राहा. शेवटचं पाणी कढत घ्या, म्हणजे तापलेली नळी आपसूक वाळते. केप (बार पेटवणारी छोटी टोपी) बसते त्या बारीक भोकात तार घालून तेही मोकळं करा. नळी कोमट असतानाच तेलाचा हात फिरवा.

तेल शिलाई मशीनचं किंवा बंदुकीसाठी मिळतं ते वापरा. शेंगतेल, करडईतेल, खोबरेल नको. ते चिकट होऊन घोडा अडतो. रॉकेलने मळ निघतो, पण ते उडून जातं आणि लोखंड उघडं पडतं. ट्रॅक्टरचं जळकं तेल तर अजिबात नको, त्यात आम्ल आणि काजळी असते. तेलही किती, तर बोट फिरवल्यावर ओलसर लागेल इतकंच. जास्तीचं तेल दस्त्यात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. लाकडाला जवसाचं तेल चांगलं, पण त्याच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या गवसणीत पावसाळाभर ठेवू नका, आत ओल धरते. कोरड्या भिंतीच्या कुलूपबंद लाकडी कपाटात, तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल दस्त्याकडे उतरत नाही. नळीत बोळा कोंबू नका. तो ओल धरतो आणि बार काढताना विसरला तर नळी फाटते. कुंभारमाशीही उघड्या नळीत मातीचं घर करते, तेवढाही अडथळा घातक आहे. दर पंधरा दिवसांनी रिकामी असल्याची खात्री करून उजेडाकडे धरून बघा, हात लागला तिथं पुसा. घामाचे डाग आठवड्यात लाल होतात. खंडेनवमीचं हळदकुंकू आणि पाण्याचे थेंबही त्याच दिवशी पुसा.

निवडणुकीत बंदूक जमा करावी लागली तर आधी तेल द्या आणि परत मिळाल्यावर घरी आणून लगेच साफ करा. माझी एकदा दोन महिन्यांनी परत आली तेव्हा घोड्याशेजारी गंजाची साय धरली होती.

परवान्याची तारीखही आत्ताच बघा. 2019 च्या दुरुस्तीपासून मुदत पाच वर्षांची आहे, त्यामुळे ती लक्षातून निसटते. आणि परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे. रानडुकराचा उपद्रव असेल तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. गव्यावर तर बंदूक रोखूच नका, त्याला कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. चांदोली-कोयनेच्या कडेच्या गावांनी नुकसान झाल्याबरोबर वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा.