उलटली नाही म्हणून गाभण धरू नका: उन्हाळ्यातला माज आणि गाभण तपासणी

गाय भरवली (रेतन केलं), 21 दिवसांनी ओरडली नाही, म्हणजे उलटली नाही (पुन्हा माजावर, म्हणजे फळायला, आली नाही), म्हणजे गाभण राहिली. या एका समजुतीपायी जेवढी वेतं वाया जातात, तेवढी रोगानेही जात नसतील. पाचव्या-सहाव्या महिन्यात पोट दिसेना, कास भरेना, मग डॉक्टरांना बोलावणं जातं. हात घातला की गर्भाशय रिकामं. तोवर दूध आटलेलं असतं आणि मधले सहा-सात माज गोठ्यातच होऊन गेलेले असतात.

उन्हाळ्यात ही चूक जास्त महागात पडते. एरवी माज साधारण 12 ते 18 तास टिकतो. उन्हाच्या ताणात तो आखूड होतो, खुणा फिक्या पडतात आणि बराचसा माज रात्री नाहीतर पहाटे येऊन जातो. दुपारी गोठ्यात चक्कर मारणाऱ्याला काहीच दिसत नाही. देशी गायीत तर तो मुळातच कमी वेळाचा आणि मुका (बाहेर खुणा न दाखवणारा) असतो.

माज बघायची वेळ: पहाटे उजाडताना, दिवेलागणीला आणि रात्री निजण्यापूर्वी. प्रत्येक वेळी किमान 20 मिनिटं, हातात दुसरं काम न घेता. वैरण टाकताना बघितलेलं धरू नका. तोंड गव्हाणीत असलं की माजावरची गायही शांत दिसते.

खुणा:
- हंबरणं, अस्वस्थपणा, चारा कमी
- दूध अचानक कमी, पान्हा चोरणं
- वारंवार थोडी थोडी लघवी
- निरणावर (योनीच्या बाहेरच्या भागावर) सूज, आतून लालसर
- दुसरीच्या पाठीवर हनुवटी टेकवणं, उडणं (अंगावर चढणं)
- दुसरी अंगावर उडाली तरी न हलता उभी राहणं

यातली शेवटची खूण पक्की, बाकीच्या आधाराच्या. उडणारी गाय माजावर असेलच असं नाही, कधी गाभण गायही उडते. खाली स्थिर उभी राहते तिच्याकडे बघा. कायम दावणीला बांधलेल्या जनावरात ही खूण दिसणारच नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ 15-20 मिनिटं मोकळं सोडा. जमीन निसरडी असेल तर मातीवर सोडा. घसरायच्या भीतीने गाय उडतच नाही.

सोट (निरणातून लोंबणारा चिकट स्राव) नीट बघायला शिका. माजाचा सोट काचेसारखा स्वच्छ, चिकट, तार न तुटता लोंबणारा असतो. उभ्या गायीत तो दिसला नाही तरी पहाटे ती उठल्या उठल्या बसली होती ती जागा बघा, शेपटीचा गोंडा आणि मांडीचा मागचा भाग बघा. वाळलेला सोट तिथे चकाकतो, केस चिकटून बसलेले असतात. सोट गढूळ, पांढऱ्या कणांचा किंवा पुवाचा असेल तर भरवू नका, आधी गर्भाशयाचा उपचार. आमचा एक ठोकताळा: रात्री सगळ्या बसून रवंथ करत असताना एकटीच उभी, कान हलवत इकडेतिकडे बघणारी गाय असेल तर सकाळी तिचा सोट आधी तपासा. पुस्तकात हे सापडणार नाही, पण बऱ्याचदा खरं ठरतं.

शेपटीला रक्त दिसलं तर माज संपून एक-दोन दिवस झालेत. कालवडींत हे जास्त दिसतं. त्या रक्तावरून गाभण राहिली की नाही, यातलं काहीच कळत नाही. त्या दिवशी भरवण्यात अर्थ नाही. तारीख लिहा आणि 16व्या दिवसापासून पाळत ठेवा.

भरवण्याची वेळ: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माज संपल्यावर 10 ते 12 तासांनी स्त्रीबीज सुटतं आणि ते थोडेच तास जगतं. माज कधी सुरू झाला ते माहीत नसेल आणि गाय अजून स्थिर उभी राहत असेल, तर वाट न बघता भरवा. कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) 37 अंशाच्या पाण्यात 30 सेकंद वितळवली का, हे उभं राहून बघा. भरवल्यावर पहिला आठवडा गाय सावलीत, गार पाण्याजवळ ठेवा. कोवळा गर्भ उष्णतेने याच दिवसांत मरतो.

आता मूळ मुद्दा. गाय न उलटण्याची कारणं पाच: गाभण आहे, मुका माज झाला, माज आला पण कोणी बघितला नाही, बीजांडकोश थंड पडलेत (काम करत नाहीत), किंवा गर्भाशयात पू साठलाय. बाहेरून पाचही सारखेच दिसतात. तपासणीशिवाय उत्तर नाही.

1 मार्चला भरवलेल्या गायीचं पान असं लिहा:
- 19 ते 25 मार्च: पहिली पाळत
- 6 ते 18 एप्रिल: दुसरी पाळत
- 30 एप्रिल: हाताने गाभण तपासणी (सोनोग्राफी असेल तर 30व्या दिवसानंतर)
- 30 मे: पुन्हा तपासणी, मधे गर्भ मरू शकतो
- 7 ऑक्टोबर: दूध आटवणं
- 6 डिसेंबरच्या आसपास: वीण

10-12 दिवसांत उलटली तर दोनपैकी एक माज चुकीचा धरला होता. 30-35 दिवसांनी उलटली तर गर्भ राहून मेल्याची शंका घ्या. तीनदा भरवूनही उलटली तर चौथी कांडी घालण्याआधी तपासणी करा.

माजावर आणणाऱ्या पावडरी, गोळ्या, टॉनिकच्या बाटल्या दुकानदार पुढे करेल. उपाशी, खंगलेली गाय बाटलीने माजावर येत नाही. रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण, 30 ग्रॅम मीठ, पोटभर हिरवं-वाळलं आणि जंतनिर्मूलन एवढं आधी करा.

इंजेक्शनचं मात्र काटेकोर पाळा. माजावर आणायला प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरक टोचतात; गाय गाभण असेल तर तेच इंजेक्शन गर्भ पाडतं. काही गाभण गायी मधेच माजाच्या खुणा दाखवतात, त्यांच्यात रेतनाची नळी गर्भाशयात गेली तरी गर्भ पडू शकतो. आधी कधीही भरवलेली गाय असेल, मग सहा महिने का झाले असेनात, डॉक्टरांनी हात घालून रिकामी आहे असं सांगितल्याशिवाय सुई किंवा कांडी लावू देऊ नका.