फायरवॉलचा वॅन पोर्ट जोडण्यापूर्वीची तयारी

दापोलीतली पतसंस्था असो वा मालवणातले पर्यटक निवास, किनाऱ्यावरच्या लहान कार्यालयाने फायरवॉल (कार्यालयाचे जाळे आणि इंटरनेट यांच्यामध्ये पहारा देणारी पेटी) बसवण्याचे काम मे महिन्यातच उरकावे, कारण पाऊस सुरू झाला की वीज, लाइन आणि दुरुस्तीला येणारा माणूस या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बेभरवशाच्या होतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोली परिसरातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती.

सर्वांत आधी पुरवठादाराकडून जोडणीचा तपशील मिळवून तो कागदावर लिहून घ्यावा. जुना राउटर काढताच इंटरनेट बंद होते, आणि डोंगराच्या कुशीतल्या वाडीत मोबाइलला रेंज असेलच असे नाही. जोडणी पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन सुरू होणारी) असेल तर वापरकर्तानाव व पासवर्ड लागतो. स्थिर आयपी (कायम तोच राहणारा इंटरनेट पत्ता) असेल तर पत्ता, सबनेट मास्क (पत्त्यांच्या गटाचा आकार सांगणारा आकडा), गेटवे (पुरवठादाराच्या बाजूचा पत्ता) आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) हे चारही लागतात. मास्क २५५.२५५.२५५.२५२ असेल तर वापरण्याजोगे पत्ते दोनच असतात, एक पुरवठादाराचा आणि एक आपला; यांची अदलाबदल झाली तर जोडणी चालत नाही. व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेतली जाळी वेगळी ओळखण्याची खूण) आहे का आणि लाइन जुन्या राउटरच्या मॅक अ‍ॅड्रेसशी (त्या उपकरणाच्या ओळखक्रमांकाशी) बांधलेली आहे का, हेही त्याच वेळी विचारावे. गुहागरजवळच्या एका कार्यालयात मी हा दुसरा प्रश्न विचारायचा राहिलो आणि सगळी मांडणी (सेटिंग्ज) बरोबर असूनही अख्खी दुपार वाया गेली. तेव्हापासून राउटरखालच्या, तो क्रमांक छापलेल्या चिकटपट्टीचा फोटो काढल्याशिवाय मी त्याची वायर काढत नाही.

फायबरची ओएनटी पेटी (फायबर जिथे संपून साधी नेटवर्क केबल सुरू होते ती) ब्रिज मोडमध्ये, म्हणजे जोडणी नुसती पुढे देणारी, ठेवून मिळेल का, हे आधी ठरवून घ्यावे. ती स्वतःच राउटरचे काम करत राहिली तर फायरवॉलच्या वॅन पोर्टला (इंटरनेटच्या बाजूच्या खाचेला) १९२.१६८.१ ने सुरू होणारा खासगी पत्ता मिळण्याची शक्यता असते, आणि आतले जाळेही त्याच मालिकेत असेल तर पाकिटे कोणत्या बाजूला पाठवायची हे फायरवॉलला ठरवता येत नाही. म्हणून लॅनची (आतल्या जाळ्याची) मालिका आधीच बदलून, उदाहरणार्थ १९२.१६८.५० वर, ठेवावी. वॅनवर १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला पत्ता दिसला तर पुरवठादाराने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे असे समजावे. अशा जोडणीत मुंबईहून कार्यालयातले कॅमेरे थेट पाहता येणार नाहीत किंवा व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित खासगी मार्गाने) आत शिरता येणार नाही, तेव्हा गरज असल्यास स्थिर आयपीची मागणी आताच नोंदवावी.

पीपीपीओईमध्ये प्रत्येक पाकिटातील ८ बाइट त्या जोडणीच्या शीर्षकात जातात, म्हणून एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १५०० ऐवजी १४९२ आणि आयपीव्ही४ (नेहमीची पत्तापद्धत) साठी टीसीपीचा एमएसएस (पाकिटात मावणाऱ्या मजकुराची कमाल मर्यादा) १४५२ ठेवावा. हे चुकले तर काही संकेतस्थळे व्यवस्थित उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात, आणि दोष लाइनचा समजून माणूस भलतीकडे शोधत बसतो.

केबल लावण्याआधी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा, बाहेरून आत येणारे सर्व मार्ग बंद असल्याची खात्री करावी आणि व्यवस्थापनाचे पान केवळ लॅनमधूनच उघडेल असे ठेवावे. आयपीव्ही६ (नवी पत्तापद्धत) सुरू असेल तर त्याचे नियम स्वतंत्रपणे तपासावेत, कारण तिथे आतल्या प्रत्येक यंत्राला बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि एनएटीचा (आतली यंत्रे एकाच पत्त्यामागे ठेवण्याचा) आडोसा राहत नाही.

आता हवेचा आणि विजेचा विचार. खाऱ्या दमट हवेत नेटवर्क केबलच्या टोकाच्या आरजे-४५ कनेक्टरचे संपर्कबिंदू लवकर खराब होतात, म्हणून सोन्याचा मुलामा असलेले चांगले कनेक्टर घ्यावेत आणि एक तयार पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी केबल) बंद पिशवीत जपून ठेवावी. फायबरच्या काचेतून विजेचा धक्का येत नाही, परंतु ओएनटीच्या अडॅप्टरमधून येऊ शकतो आणि तांब्याच्या केबलने फायरवॉलच्या वॅन पोर्टपर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे दोन्ही उपकरणे एकाच, नीट अर्थिंग असलेल्या यूपीएसवर घ्यावीत. फायरवॉलच्या मांडणीची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन जुना राउटर, त्याच्या अडॅप्टरसह, निदान आठवडाभर त्याच कपाटात राहू द्यावा.