कल्चर लावूनही मुळाला गाठी नाहीत? या चुका टाळा

दर हंगामात तोच प्रश्न. रायझोबियम लावलं होतं, म्हणजे शेंगवर्गीय पिकाच्या मुळावर गाठी करून हवेतला नत्र (नायट्रोजन) झाडाला देणाऱ्या जिवाणूंचं पाकिटातलं कल्चर, मग गाठी का आल्या नाहीत? आणि लगेच पुढचं वाक्य, कल्चर बोगस असणार. कधीकधी असतंही, पण बहुतेक वेळा पाकिटात जिवाणू जिवंत होते आणि बियाण्यावर आल्यावर मेले.

सगळ्यात जास्त चीड येते ती एका चुकीची, बुरशीनाशक, कीटकनाशक आणि कल्चर एकाच ड्रममध्ये ओतायचं आणि एकदाच फिरवून मोकळं व्हायचं. ओळखीतल्या एकाने सोयाबीनला हेच केलं, वर ते ओलसर बियाणं रात्रभर गोणीत भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रखरखत्या उन्हात पेरलं. महिनाभराने फोन आला की प्लॉट पिवळा पडलाय. जाऊन कुदळीने चार-पाच झाडं मातीसकट काढली, बादलीत मुळं धुतली, तर मुळं अगदी स्वच्छ, एखादी गाठ कुठेतरी बाजूच्या मुळावर. आता गंमत अशी की बियाणं कमी पडलं म्हणून बांधाकडच्या शेवटच्या ओळी त्याने दुसऱ्या बियाण्याच्या पेरल्या होत्या, त्याला औषध नव्हतंच, त्याच पाकिटातलं उरलेलं कल्चर तेवढं सकाळी चोळलं होतं. तिथलं झाड काढलं तर सोटमुळाच्या वरच्या भागात गाठींचा गुच्छ, नखाने फोडली की आतून गुलाबी. शेत तेच, पाकीट तेच. यानंतर तरी कल्चरला दोष देऊ नये ना.

बुरशी मारायला बनवलेलं औषध बुरशीच मारेल आणि जिवाणूंना हात लावणार नाही असं धरून चालू नका. कॅप्टन आणि तांबायुक्त औषधं तर रायझोबियमला चांगलीच त्रासदायक. क्रम पाठ करा, आधी बुरशीनाशक, ते वाळलं की कीटकनाशक, आणि कल्चर सगळ्यात शेवटी, पेरणीच्या दिवशीच. मी तर पेरणीच्या सकाळीच लावतो, सावलीत ताडपत्रीवर थोडं थोडं बियाणं घेऊन, हलक्या हाताने, कारण सोयाबीनची साल पातळ असते, जोरात चोळलं की निघते आणि उगवणच मार खाते. लावून सावलीत सुकवलं की लगेच पेरायला. बियाणं आधीच औषध लावून आलेलं असेल तर मी कल्चर बियाण्याला लावतच नाही, चाळलेल्या ओलसर शेणखतात मिसळून पेरणीच्या ओळीत टाकतो. काम वाढतं, हो. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने कल्चरवर पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कल्चर बियाण्याला चिकटावं म्हणून गुळाचं पाणी उकळलं असेल तर ते पूर्ण गार होऊ द्या. कोमट चालेल का असं विचारतात, नाही चालणार.

पाकिटावरची एक्स्पायरी बघा, आणि ते गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवून घरी आणू नका.

दुसरी मोठी चूक म्हणजे युरिया. उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पीक जरा फिकट दिसतं, कारण बियाण्याच्या दलातला अन्नसाठा संपलेला असतो आणि गाठी अजून कामाला लागलेल्या नसतात. हा मधला काळ जातो. पण नवीन माणसाला धीर नसतो, शेजाऱ्याचं हिरवं दिसतं आणि हा युरियाची गोणी फोडतो. झाडाच्या बाजूने विचार करा, हवेतल्या नायट्रोजनचा एक रेणू फोडायला जिवाणूला किमान 16 एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्चावे लागतात आणि ती सगळी ऊर्जा झाडाने दिलेल्या साखरेतून येते. मुळापाशी नायट्रेटच्या रूपात नत्र आयतं मिळत असेल तर झाड एवढा खर्च कशाला करेल? नवीन गाठी बनणं कमी होतं, असलेल्या मंदावतात. पेरणीच्या वेळी नत्राचा थोडा हलका डोस ठीक, हलक्या जमिनीत तो लागतोही. नंतर युरियाला हात लावायच्या आधी मुळं बघा. गाठी गुलाबी असतील तर थांबा. गाठीच नसतील तर मात्र हट्ट करू नका, नत्र द्या, वरच्या त्या सोयाबीनला मीच द्यायला सांगितलं होतं.

आणि बघायचं म्हणजे झाड उपटायचं नाही! हाताने ओढलं की गाठी मातीतच तुटून राहतात आणि मग फोटो येतो, बघा एकही गाठ नाही. खणून काढा, पाण्यात धुवा. गाठ बोटाने सहज सुटते, आणि आतला गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा, ते ऑक्सिजन मोजून पोचवतं, कारण मोकळा ऑक्सिजन मिळाला तर नायट्रोजन फोडणारं नायट्रोजिनेज एन्झाइम निकामी होतं. मूळच फुगून गाठाळलेलं दिसलं आणि फुगवटा सुटत नसेल तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे बारीक किडे, तो आजार वेगळा. लहान पांढरी गाठ कोवळी असू शकते, पण फुलोऱ्यातही आतून पांढरीच असेल तर ती काम करत नाहीये. शेंगा भरताना हिरवट-तपकिरी झाली तर घाबरू नका, तिचं वय झालं.

कुठलंही रायझोबियम कुठल्याही पिकाला चालत नाही. मूळ फ्लॅव्होनॉइड नावाचं रसायन सोडतं, ते ओळखणारा जिवाणूच उलट नॉड फॅक्टर हा रासायनिक निरोप पाठवतो, तेव्हा मुळावरचा केस वळतो आणि आत शिरायला वाट मिळते. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जापोनिकम, हरभऱ्याला मेसोरायझोबियम सिसेरी, वाटाणा-मसूरला रायझोबियम लेग्युमिनोसारम. मूग, उडीद, चवळी, तूर, भुईमूग एकमेकांचे बरेचसे चालवून घेतात. हरभऱ्याचं उरलेलं सोयाबीनला लावणं म्हणजे न लावणंच. ज्या शेतात सोयाबीन पहिल्यांदाच येतंय तिथे तर योग्य कल्चर लावणं चुकवूच नका.

जमीन आम्ल असेल, पीएच साडेपाचच्या खाली, तर आधी चुन्याचं बघा, मॉलिब्डेनमही तिथे कमी मिळतं. पाणी साचत असेल तर चर काढा, गाठींनाही श्वास लागतो.

शेवटचं, शेंगवर्गीय घेतलं म्हणजे पुढच्या पिकाचं नत्र आपोआप सुटलं असं धरून खत कापू नका. सोयाबीनसारख्या पिकात बराचसा नत्र दाण्यातून शेताबाहेर जातो, आणि कुटार-मुळं सगळंच उचललं तर जमिनीच्या वाट्याला फारसं उरतच नाही. मी झाडं उपटत नाही, जमिनीलगत कापतो, मळणीनंतरचं कुटार जमेल तेवढं परत शेतात पसरवतो आणि पुढच्या पिकाचं खत माती तपासूनच ठरवतो.