मॅग्नस एक नंबर, मग जगज्जेता गुकेश कसा?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात दर रविवारी मी समाजमंदिराच्या ओट्यावर पोट्ट्यांना बुद्धिबळ शिकवतो. २०२४ च्या डिसेंबरपासून नवीन आलेलं प्रत्येक पोरगं हेच विचारतं, "सर, रेटिंगमध्ये मॅग्नस कार्लसन पहिला, तर जगज्जेता गुकेश कसा?"

रेटिंग म्हणजे वहीतला चालू हिशेब, खेळाल तसं वरखाली होणार. जगज्जेतेपद कुस्तीतल्या गदेसारखं. ज्याच्याकडे आहे त्याला समोरासमोर हरवून घ्यायचं, ही रीत १८८६ मध्ये स्टाइनिट्झ आणि झुकेरटोर्ट यांच्या सामन्यापासूनची. मध्ये १९९३ ते २००६ दोन-दोन जगज्जेते होते, तो घोळ सध्या राहू द्या.

आव्हान द्यायचा हक्क कमवावा लागतो. वर्ल्ड कप, ग्रँड स्विस अशा स्पर्धांतून गाळत गाळत आठ जण उरतात. ते कँडिडेट्स नावाच्या स्पर्धेत प्रत्येकाशी दोनदा खेळतात, म्हणजे चौदा फेऱ्या. तिथे फक्त पहिल्या नंबरला किंमत. २०२४ मध्ये टोरांटोत गुकेशनं १४ पैकी ९ गुण मिळवले, मागचे तिघं अर्ध्या गुणानं राहिले आणि घरी गेले. दुसऱ्या नंबराचं नशीब एकदा फळफळलं ते २०२३ मध्ये. कार्लसननं सामना खेळायलाच नकार दिला, म्हणून कँडिडेट्समधले पहिले दोघं, नेपोम्नियाची आणि डिंग लिरेन, अस्तानात भिडले. डिंग जिंकला. पोट्ट्यांच्या प्रश्नाचं उत्तर हेच: कार्लसनला कोणी हरवलं नाही, त्यानं गदा खाली ठेवली.

मग २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग आणि गुकेश जगज्जेतेपदासाठी भिडले. सामना चौदा डावांचा, साडेसात गुण आधी करेल तो जिंकला. तेरा डावांनंतर साडेसहा-साडेसहा. १२ डिसेंबरला घरी कापूस वेचणी चालू होती. मी गाठोडं टाकून ओट्यावर आलो तर सगळे एका मोबाईलवर वाकलेले. गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण डाव बरोबरीकडे चाललेला. बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी जलद डाव. पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्ती मारामारीला दिला. आम्ही तीच मांडणी पटावर लावली. हत्ती गेले, उंटही बदलले, उरले राजे आणि प्यादी. सातवीतला एक पोट्टा म्हणाला, "सर, आता मोजून पाहा, गुकेशचं प्यादं वजीर होते." होते खरंच, आणि गुकेश जगज्जेता झाला.

वजिरावरून माझीच फजिती सांगतो. यवतमाळला माझी पहिली स्पर्धा. आमच्या गावच्या खेळात प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तोच मोहरा मिळायचा. माझं प्यादं घोड्याच्या घरात पोचलं, मी इमानदारीत घोडा ठेवला. शेवटी उरले माझा राजा, घोडा आणि समोरचा एकटा राजा. मात होतच नाही, डाव बरोबरीत. समोरचं दहा वर्षांचं पोरगं म्हणालं, "काका, वजीर काहून नाही घेतला?"

म्हणून नवख्यांनो, आधी गावचे नियम विसरा. कॅसलिंग, म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल, शिका, चाली लिहायला शिका. मोहऱ्याला हात लावला की तोच चालवायचा. मोबाईल बंद करूनच आत जा, वाजला तर डाव गेला. रेटिंगची घाई नको. पहिलं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्यांशी निदान पाच डाव लागतात, आणि फीचे पैसे आईबापाच्या घामाचे असतात.

ही शिडी फार लांबची वाटत असेल तर नागपूरच्या दिव्या देशमुखकडे पाहा. २०२५ मध्ये बाटुमीत महिला वर्ल्ड कपची अंतिम फेरी गाठून तिनं महिलांच्या कँडिडेट्सची जागा पक्की केली आणि मग कोनेरू हम्पीला हरवून कप जिंकला. ग्रँडमास्टर किताबही त्यातच मिळाला.

आणि हो, पहिल्या स्पर्धेला जाताना डबा न्या, शेवटच्या एसटीची वेळ विचारून ठेवा. फेऱ्या लांबतात. मी एक रात्र स्टँडवर काढली आहे.