आधी विमा, मग ग्रीन टॅक्स: पंधरा वर्षांच्या गाडीची कागदपत्रं ऑनलाइन कशी नवी करायची

दसऱ्याला किंवा पाडव्याला घेतलेल्या गाडीची एक गंमत असते. गाडी ताब्यात मिळण्याआधी विमा उतरवतात, आरटीओची नोंदणी त्यानंतर होते. त्यामुळे विम्याची तारीख नोंदणीच्या तारखेच्या दोन-चार दिवस आधीची पडते आणि विमा वेळेवर भरत गेलात तर वर्षानुवर्षं तशीच राहते. चौदा वर्षं त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पंधराव्या वर्षी मात्र एकाच आठवड्यात विमा संपतो, आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत संपते आणि पर्यावरण करही दारात येऊन उभा राहतो.

आमची २०१० सालची पेट्रोल गाडी २०२५ च्या दिवाळीत या कात्रीत सापडली. ‘विमा काय, पाच मिनिटांत होतो, आधी टॅक्स भरून टाकू,’ असं म्हणून मी बसलो आणि तिथेच अडकलो. ‘वाहन’ या गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर विमा चालू दिसत नसेल तर अर्ज पुढे सरकतच नाही. म्हणून विमा आधी, टॅक्स नंतर. आणि या दोन्हींच्या मध्ये थोडे दिवस हाताशी ठेवायचे. का, ते पुढे येईलच.

कुठला टॅक्स?

महाराष्ट्रात खासगी गाडीचा रोड टॅक्स नवी गाडी घेतानाच एकरकमी भरलेला असतो, तो दरवर्षी भरावा लागत नाही. पंधरा वर्षांनंतर लागतो तो पर्यावरण कर, ज्याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात. हा कर आपल्याकडे २०१० साली आला. तेव्हा दुचाकीला २,०००, पेट्रोल मोटारीला ३,००० आणि डिझेल मोटारीला ३,५०० रुपये असे पाच वर्षांचे दर होते. तुम्ही भराल तेव्हा पडद्यावर दिसेल तोच आकडा खरा धरा, शेजाऱ्यांनी किती भरले यावर जाऊ नका.

याशिवाय आरसी नूतनीकरणाचं शुल्क वेगळं. ते केंद्राने ठरवलेलं आहे आणि खिशाला खरा चटका इथेच बसतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० आणि दुचाकीला १,००० रुपये. त्याआधी मोटारीला ६०० रुपयांत काम भागायचं! गाडी वीस वर्षांच्या वर गेली असेल तर ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर मोटारीला १०,००० आणि दुचाकीला २,००० रुपये. मुदत उलटून गेली की मोटारीला दर महिन्याला ५०० आणि दुचाकीला ३०० रुपयांचा भुर्दंड बसतो.

आणखी एक गैरसमज. ‘पंधरा वर्षं झाली, आता गाडी भंगारात,’ असं सांगणारा एखादा काका प्रत्येक सोसायटीत असतो. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं, हा वाद दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागातला आहे. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली, कर भरला, की आणखी पाच वर्षं रस्त्यावर.

दोन महिने आधी: सगळं बाहेर काढा

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या जास्तीत जास्त साठ दिवस आधी करता येतो. त्याच सुमाराला ही कामं उरका:

पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला, काढून घ्या. जुन्या गाडीचा धूर पहिल्याच फेरीत पास होईल याची खात्री नसते. एअर फिल्टर बदलून, सर्व्हिसिंग करूनच जा.

एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरप्लेट, बसवलेली नसेल तर लगेच तारीख घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना ती लागते. मोटारीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. जुनी प्लेट लावून आरटीओच्या दारात गेलात तर तसेच परत याल.

ई-चलान थकलं आहे का ते पाहून भरून टाका. मुलाने कुठल्या तरी सिग्नलला काय केलं होतं, ते याच वेळी घरात उघडकीला येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोबाइल नंबर. ओटीपी ‘वाहन’वर नोंदलेल्या नंबरवरच येतो. पंधरा वर्षांपूर्वी शोरूमवाल्याने फॉर्मवर कोणाचा नंबर लिहिला होता, देव जाणे. पोर्टलवर मोबाइल नंबर बदलण्याची सोय आहे. चासी नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख हाताशी ठेवून तो आधी बदलून घ्या.

बँकेचं कर्ज फेडलं असूनही आरसीवर बँकेचा बोजा तसाच असेल तर तोही उतरवून घ्या. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलं आणि बोजा आजही कागदावर, असं सर्रास होतं.

मग विमा

विमा संपायला वीसेक दिवस असतानाच नवा करा. आधी केला म्हणून दिवस वाया जात नाहीत, कारण नवी पॉलिसी जुनी संपल्यानंतरच सुरू होते. उलट संपू दिलात तर मध्यरात्रीनंतर तुम्ही उघडे पडता. मग गाडीच्या नुकसानीचं संरक्षण हवं असेल तर कंपनी गाडीचे फोटो, व्हिडिओ किंवा प्रत्यक्ष तपासणी मागते, आणि नव्वद दिवस उलटले तर इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तीही जाते. ही सूट पन्नास टक्क्यांपर्यंत असते, हलक्यात घेऊ नका.

पंधरा वर्षांच्या गाडीला कुठला विमा घ्यायचा? कायद्याला फक्त थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, पुरतो. त्याचे १ जून २०२२ ला लागू झालेले दर असे: १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७, शिवाय जीएसटी. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा यात येतो का, ते विचारून घ्या. माझं मत विचाराल तर जुन्या छोट्या गाडीला संपूर्ण विमा, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारा, घेण्यापूर्वी आयडीव्ही, म्हणजे कंपनीने धरलेली गाडीची किंमत, नीट बघा. सव्वा लाखाच्या गाडीसाठी दरवर्षी आठ-दहा हजार घालायचे का, हा हिशेब घरी बसून मांडा, फोनवरच्या गोड आवाजाला मांडू देऊ नका. आम्ही थर्ड पार्टीवर आलो. रस्त्यावर झाडाखाली गाडी लावणाऱ्याने कदाचित वेगळं ठरवावं.

संपूर्ण विमाच ठेवणार असाल तर आरसीची मुदत सांभाळणं दुप्पट गरजेचं. गाडीची तात्पुरती नोंदणी संपली होती, पक्की झाली नव्हती आणि गाडी चोरीला गेली, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. हप्ता भरला होता, पण नोंदणीच नाही तर पैसे नाहीत.

पॉलिसी ईमेलवर आली की ती लगेच बंद करू नका. गाडी क्रमांक, चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी एकेक अक्षर जुळवा. माझी फजिती इथेच झाली. विमा केला, दोन दिवस थांबलो, तरी ‘वाहन’वर विमा संपलेलाच. पॉलिसी डोळ्यासमोर धरली तेव्हा दिसलं की चासी नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला होता. तो दुरुस्त करून घ्यायला, म्हणजे एन्डॉर्समेंट मिळवायला, आठ दिवस आणि सहा फोन लागले. तोवर आरसीची तारीख उलटली, गाडी घरासमोर उभी राहिली आणि विलंबाचे ५०० रुपये वर लागले.

मधले दिवस

विमा कंपनीकडून पॉलिसीची माहिती ‘वाहन’कडे आपोआप जाते. पण ‘आपोआप’ म्हणजे ‘लगेच’ नव्हे. कधी काही तासांत दिसते, कधी दोन-चार दिवस लागतात. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख पाहा. नवी तारीख दिसली की पुढे निघा. आठवडा झाला तरी जुनीच दिसत असेल तर आरटीओत खेटे घालू नका, विमा कंपनीला ईमेल करा आणि सोबत आरसीची प्रत जोडा. पीयूसीची तारीखही याच पानावर दिसते, तीही बघून ठेवा.

पोर्टलवर

आता मुख्य काम. परिवहन सेवेच्या सरकारी संकेतस्थळावरच जा. पत्ता ‘परिवहन डॉट गव्ह डॉट इन’ असा संपतो की नाही ते तपासा. शोधयंत्रात वर येणारी नकली संकेतस्थळं आणि व्हॉट्सॲपवर येणारी फाइल, दोन्हींपासून दूर.

वाहनविषयक सेवांमध्ये महाराष्ट्र निवडा, गाडीचा नंबर टाका. नोंदणी नूतनीकरणाचा पर्याय घ्या, चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाका, मोबाइलवर आलेला ओटीपी भरा. समोर येणारं पान वाचा: मालकाचं नाव, पत्ता, विमा, पीयूसी. पत्ता जुना असेल तर इथे थांबा. नवी आरसी टपालाने त्याच पत्त्यावर जाणार आहे, तेव्हा आधी पत्ताबदल करून घ्या.

सगळं बरोबर असेल तर कागदपत्रं अपलोड करा आणि शुल्काच्या पानावर जा. नूतनीकरण, स्मार्ट कार्ड, टपाल अशी यादी दिसेल. तिच्यात पर्यावरण कराची ओळ आहे का ते बघा. नसेल तर सेवांच्या यादीतल्या ‘पे युवर टॅक्स’मध्ये जाऊन तो वेगळा भरा. कर भरल्याची पावती नसली तर तपासणीच्या दिवशी खिडकीवर अडवतात.

पैसे राज्य सरकारच्या ‘ग्रास’ प्रणालीतून जातात. खात्यातून रक्कम गेली आणि पावती आली नाही, असं झालं तर घाईघाईने दुसऱ्यांदा भरू नका. प्रलंबित व्यवहार तपासण्याचा पर्याय त्याच पोर्टलवर आहे. तिथे व्यवहाराची स्थिती पाहा, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पावती निघते. दोनदा भरलेले पैसे परत मिळवणं हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

पावती आणि नमुना २५ चा अर्ज छापून घ्या. दोन्हींवर अर्ज क्रमांक असतो, त्याचा मोबाइलवर फोटोही ठेवा.

गाडी घेऊन आरटीओत

इतकं सगळं ऑनलाइन केलं तरी गाडी दाखवायला न्यावीच लागते. तपासणीची वेळ घ्या आणि सकाळी लवकर पोहोचा. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, आरसे, सीटबेल्ट, टायरची नक्षी, सगळं बघतात. चासी नंबरचा पेन्सिलने ठसा घेतात. जुन्या गाडीत तो गंजाखाली लपलेला असतो, म्हणून आदल्या दिवशी गॅरेजवाल्याकडून तेवढी जागा साफ करून घ्या. पॉलिश पेपरने जोरात घासायला सांगू नका, आकडेच पुसले गेले तर नवं दुखणं.

रंग बदललेला असेल किंवा बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल, तर ते आरसीवर चढलेलं असायला हवं. नसेल तर ते प्रकरण आधी मिटवा.

आरसीची मुदत आधीच संपली असेल तर गाडी चालवत नेण्यातही धोका आहे. विनानोंदणी गाडी चालवल्याचा पहिला दंड किमान दोन आणि कमाल पाच हजारांचा. विमाही नसेल तर त्याचे पहिल्या वेळी दोन हजार वेगळे.

टॅक्सी, टेम्पो, स्कूल बस चालवणाऱ्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. पण क्रम त्यांनाही हाच लागू: विमा ‘वाहन’वर दिसू लागला की मगच कराचं पान उघडा.

गाडी पास झाली की काही दिवसांत नव्या मुदतीची आरसी टपालाने येते. तोवर डिजीलॉकर उघडून बघत राहा. कार्ड यायच्या आधीच तिथे नवी तारीख दिसू लागते आणि रस्त्यावर पोलिसांना तीच दाखवली तरी चालते. आमचं कार्ड पोस्टमनने शेजारच्या विंगमध्ये दिलं होतं. चार दिवसांनी मिळालं.