प्रागची तयारी: आधी वार, मग बॅग

प्रागला जायचं ठरलं की घरात पहिला विषय निघतो बॅगेचा. किती किलो, चाकं कशी आहेत, चकल्या कुठे बसतील. बॅग राहू द्या. भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि आधी वार लावा. सात रात्री, मुक्काम एकच, त्यातले तीन दिवस आजूबाजूच्या गावांना, हा हिशेब वारांवर जमतो नाहीतर वारांवरच फसतो.

शनिवारी योसेफोव्ह, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीतली सिनेगॉगं (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि दफनभूमी बंद. रविवारी सकाळी प्रागच्या किल्ल्यातलं सेंट व्हायटस कॅथेड्रल प्रार्थनेसाठी राखलेलं, पर्यटकांना दुपारी बारानंतर प्रवेश. सोमवारी प्रागबाहेरचा कार्लश्टेनचा किल्ला बहुतेक महिने बंद आणि चेस्की क्रुमलोव्हच्या किल्ल्याचंही तेच. आम्ही पहिल्या खेपेला नेमकं सोमवारी कार्लश्टेन गाठलं. चाळीस मिनिटं रेल्वे, मग दमवणारी चढण, आणि वर बंद दरवाजा. सासूबाईंनी दरवाज्यालाच हात जोडले आणि आम्ही उतरलो. तेव्हापासून सोमवार कार्लोव्ही व्हारीला दिला आहे, कारण गरम पाण्याच्या झऱ्यांना साप्ताहिक सुट्टी नसते. मे महिन्यात जाणार असाल तर ८ मे या तारखेवरही खूण करा. ती राष्ट्रीय सुट्टी, मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात, तेव्हा दूध-पाव आदल्या दिवशी आणून ठेवा.

वार लागले की व्हिसा. तो शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, आणि अर्ज करायचा ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याच्याकडे, म्हणजे इथे चेक प्रजासत्ताकाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. किमान पंधरा दिवस आधी द्यावा असा नियम आहे, पण उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत पंधरा दिवसांवर विसंबणं म्हणजे जुगार. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. प्रवास विमा ३०,००० युरोंचा. एक दिवस जर्मनीतल्या ड्रेस्डेनला जायचं असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, पण मूळ पासपोर्ट खिशात ठेवा. सीमेवर जर्मन पोलीस गाडीत चढून तपासू शकतात, आणि मोबाईलमधला फोटो दाखवून तिथे भागत नाही.

मुक्काम ‘जुन्या चौकापासून दोन मिनिटांवर’ अशी जाहिरात वाचून घेऊ नका. रोज बाहेरगावी जाणाऱ्याला मेट्रोची लाल रंगाची सी लाईन जवळ हवी. कुतना होराची रेल्वे सुटते मुख्य स्टेशनातून (ह्लाव्नी नाद्राझी), कार्लोव्ही व्हारीची बस फ्लोरेन्समधून आणि तेरेझीनची, जिथे नाझींची छावणी होती, होलेशोविस स्टेशनाबाहेरून. ही तिन्ही ठिकाणं सी लाईनवरच आहेत. अपवाद चेस्की क्रुमलोव्हचा. ती बस ना क्निझेत्सी स्थानकावरून, म्हणजे बी लाईनच्या आंद्येल स्टेशनाजवळून सुटते आणि प्रवास जवळपास तीन तासांचा. जाऊन येऊन सहा तास बसमध्ये आणि गावात चार. माझं मत विचाराल तर क्रुमलोव्हला एक रात्र द्या, नाहीतर यादीतून काढा.

पैशांच्या बाबतीत आपले लोक हमखास गफलत करतात. देश युरोपियन युनियनमध्ये असला तरी चलन युरो नाही, कोरुना आहे. बऱ्याच फॉरेक्स कार्डांत कोरुना नसतोच. मग पैसे युरोतून वळते होतात आणि मधल्या मध्ये कात्री लागते, म्हणून बँकेला आधी विचारून घ्या. एटीएमने ‘रुपयांत रक्कम कापू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, कोरुनाच निवडा. चौकातल्या ‘शून्य कमिशन’वाल्या काउंटरांची गंमत अशी की कमिशन खरंच शून्य असतं, कसर भावात काढलेली असते. तिथे फसलात तर २०१९पासून एक सोय आहे: १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. त्यामुळे पावती फेकू नका. दहा-वीस कोरुनांची नाणी मात्र वेगळ्या पाकिटात ठेवा, सार्वजनिक स्वच्छतागृहांत ती लागतात.

आता खाण्याची पिशवी. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर घरीच. ताजा कढीपत्ता आणि लिंबंही नकोत, त्यांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. केळी आणि नारळ यांना मात्र सूट आहे, कुणाला नारळ न्यायचाच असेल तर. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कोरड्या चटण्या कंपनीच्या बंद पाकिटात न्या. घरच्या डब्यातली तपकिरी पूड कसली, हे विमानतळावर समजावत बसण्यात मजा नाही.

तिथे शाकाहार मिळतो, पण विचारावं लागतं. वाक्य एकच पाठ करा: ‘बेझ मासा’, म्हणजे मांसाशिवाय. चेकमधला हा ‘मासा’ म्हणजे मासा नव्हे, आपल्या संस्कृत ‘मांस’चा लांबचा भाऊ आहे. त्यामुळे बेझ मासा म्हटल्यावर ताटात मासा येणार नाही, अशी हमी नाही! लसणाचं सूप, चेस्नेच्का, दिसायला सात्त्विक, पण ते बरेचदा मांसाच्या रश्शावर केलेलं असतं. तळलेलं चीज, स्माझेनी सिर, जवळपास सगळीकडे मिळतं, फक्त तीन दिवसांनी नको होतं. प्रागमध्ये बियास नावाचे शाकाहारी ढाबे आहेत, ताट वजनावर. चौथ्या दिवशी त्यांचा पत्ता हाताशी हवा. पाणी नळाचं प्या, बाटल्या विकत घेऊ नका. आणि भाषेचं म्हणाल तर चार या आकड्याला ते ‘चतिर्झी’ म्हणतात. संस्कृतातलं चत्वारि आठवलं की हा आकडा विसरत नाही.

बाहेरगावच्या दिवसांपैकी एकच जमणार असेल तर कुतना होरा. सुमारे तासाभराचा रेल्वे प्रवास. हे चांदीच्या खाणींचं गाव, १३०० साली इथे प्रागचे ग्रोशेन, म्हणजे चांदीची नाणी, पाडायला सुरुवात झाली आणि त्या पैशावर बोहेमियाचं राज्य श्रीमंत झालं. स्टेशनापासून पंधरा मिनिटं चालत गेलं की सेडलेत्सची अस्थिशाळा लागते. सुमारे चाळीस हजार माणसांची हाडं, त्यांचीच झुंबरं आणि माळा. आत फोटोला बंदी आहे, मुलांना हे आधी सांगून ठेवा. तिथून सेंट बार्बराचं चर्च दूर आहे, गावच्या छोट्या रेल्वेने जा. त्याचं काम १३८८ला सुरू झालं आणि १९०५ला संपलं.

तेरेझीनला मुलांना न्यायचं का, हे घरी बसून ठरवा, बसथांब्यावर नाही. नाझींच्या काळात १,४०,००० हून अधिक ज्यू या छावणीत आणले गेले, सुमारे ३३,००० तिथेच मेले आणि बहुतेकांना पुढे मृत्युछावण्यांत पाठवलं. आम्ही मुलांना आधी प्रागमधलं पिंकास सिनेगॉग दाखवलं. तिथल्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या ज्यूंची सुमारे ७८,००० नावं हाताने लिहिलेली आहेत, शिवाय तेरेझीनमधल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. धाकट्याने वाचता येतील तेवढी नावं वाचली आणि मग तोच म्हणाला, उद्या जाऊया. त्या दिवसाला दुसरं काही जोडू नका.

कार्लश्टेनला आतून पाहायचं तर मार्गदर्शकाबरोबरच, आणि होली क्रॉसचं चॅपल हवं असेल तर तिकीट बरंच आधी काढा. बोहेमियाचा राजा चौथा चार्ल्स याने १३४८मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला राजमुकुट आणि पवित्र अवशेष ठेवण्यासाठी होता, आणि तो ऐवज ज्या खोलीत असे ती म्हणजेच हे चॅपल.

आता बॅग. जाड तळव्याचे, आधी महिनाभर वापरलेले बूट. प्रागचे रस्ते दगडी ठोकळ्यांचे आहेत, नव्या बुटांनी पहिल्याच संध्याकाळी फोड येतात. मेमध्येही संध्याकाळी गारवा असतो, स्वेटर आणि छत्री ठेवा. चार्जरला गोल दोन पिनांचा अडॅप्टर. औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट.

मेट्रो-ट्रामचं कागदी तिकीट पहिल्या प्रवासात पिवळ्या यंत्रात घालून छाप मारून घ्यायचं. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतो.

शेवटच्या दिवसासाठी यादीत एकच ओळ: सुटी नाणी संपवा. इथे परत आल्यावर ती कुणी बदलून देत नाही. आम्ही उरलेल्या कोरुनांच्या ओप्लात्की घेतल्या, कार्लोव्ही व्हारीच्या ताटाएवढ्या गोल वेफर्स. पुण्यात पोचेपर्यंत निम्म्यांचा चुरा झाला होता, तो मुलांनी दुधात घालून खाल्ला.